आभार मानून झाल्यावर

‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणजे काय, हे पुणेकरांना आता समजावून सांगावं लागत नाही. ३ ऑगस्ट २०१५ रोजी इथल्या जहांगीर रुग्णालयातून एक हृदय मुंबईला गेलं. पोलिसांनी वाट मोकळी करून दिली आणि मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते एका तरुणाच्या छातीत बसवलं. मुंबईत हृदय प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला होता तो १९६८ साली, केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांच्या हातून. तो रुग्ण काही तासच जगला. मधल्या ४७ वर्षांत शस्त्रक्रियेचं तंत्र सुधारलं, आणि १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानाला मान्यता दिली. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो औषधांनी. परका अवयव आत आला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. त्याला आवरणारं सायक्लोस्पोरिन ऐंशीच्या दशकात वापरात आलं. पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. प्रत्यारोपण झालेल्या बहुतेक मुलांच्या गोळ्यांच्या डबीत आज हेच असतं.

म्हणजे शस्त्रक्रिया हा उपचाराचा एक दिवस. बाकीचा सगळा उपचार घरात होतो, रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला, आयुष्यभर. ज्याच्यावर तो होतो तो पंधरा वर्षांचा असेल, तर दहावीचा अभ्यास, मित्र, मुरमं, घरच्यांशी वाद हे सगळं त्याच दोन नऊंच्या मध्ये बसवावं लागतं. आपल्या बातम्या मात्र पहिल्या दिवसापाशी संपतात. डिस्चार्जचा फोटो येतो, डॉक्टर, आईवडील, हातात पुष्पगुच्छ, आणि आपण म्हणतो, पोराचा दुसरा जन्म झाला. त्या दुसऱ्या जन्मात पोरगं जगतं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही.

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सकाळी सातला उभं राहिलं तर ही मुलं ओळखू येतात. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या पहाटेच्या गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा उतरणाऱ्यांत हातात फुगलेली फाईल आणि तोंडाला मास्क असलेलं एखादं पोरगं असतं, बरोबर आई. साताऱ्याच्या गाडीतून उतरलेली अशीच एक जोडी माझ्या शेजारी रिक्षाची वाट बघत होती. “रक्त दिल्याबिगर गोळी घ्यायची नाय हां,” आई म्हणाली. “म्हाईत हाय गं आई मला. किती येळा सांगशील?” त्याने मोबाईलवरून मान वर केली नाही.

या दोन वाक्यांत बरंच काही आहे. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, त्यांच्या भाषेत ‘लेव्हल’, सकाळच्या गोळीच्या आधी मोजायची असते. रात्रीची गोळी घेऊन बारा तास होत आलेले असतात, तेव्हा रक्तात औषध सगळ्यात कमी असतं आणि तोच आकडा डॉक्टरांना हवा असतो. लेव्हल खाली गेली तर शरीर अवयव नाकारायला लागतं. वर गेली तर तेच औषध किडनीला इजा करतं, हात थरथरतात. मधली पट्टी अरुंद आहे. म्हणून पहाटे पाचची गाडी पकडायची, खंबाटकीत ट्रक बंद पडला, कात्रजला गाडी अडकली तरी गोळी खिशातच ठेवायची, आणि रक्त देऊन झालं की लॅबच्या दारातच ती गिळायची. मुलाला हे सगळं पाठ असतं. ‘किती येळा सांगशील’ मधला वैताग मला उद्धटपणाचा वाटला नाही. ज्याचं शरीर, त्याने ते आपल्या ताब्यात मागितलं होतं.

या मुलांचं रोजचं जगणं आजूबाजूच्या शहाणपणाच्या उलट चालतं. कोविडच्या काळात घरोघरी प्रतिकारशक्ती वाढवण्याची धडपड होती, आजही काकू-मावश्या प्रेमाने गुळवेलीचा काढा पुढे करतात. हा मुलगा जगतो तो प्रतिकारशक्ती दाबून. त्याला काढा चालत नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही जडीबुटी चालत नाही, अंगदुखीवर दुकानातून आणलेली साधी गोळीसुद्धा किडनीला घातक ठरू शकते. पपनस वर्ज्य, कारण त्याने लेव्हल चढते. किडनी बसवलेल्या मुलाची पाण्याची गंमत तर विलक्षण. डायलिसिस चालू असताना त्याला पाणी कपाने मोजून मिळत होतं, तहान लागली तर बर्फाचा खडा चोखायचा. किडनी बसली आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळे म्हणायला लागले, पाणी पी, अजून पी, दिवसाला दोन-तीन लिटर तरी गेलंच पाहिजे. सांगायला सोपं आहे. शाळेतलं स्वच्छतागृह जाण्यासारखं नसेल तर मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रड आहे. इतर मुलींना त्याचा त्रास होतो. प्रत्यारोपण झालेल्या मुलीची त्यात किडनी पणाला लागते.

आणि ती किडनी असते कुठे? आपल्या किडन्या पाठीकडे, बरगड्यांच्या आडोशाला असतात. नवी किडनी बसवतात ती पुढे, ओटीपोटाच्या एका बाजूला, कातडीखाली थोड्याच अंतरावर. हात ठेवला तर लागते. जुन्या किडन्या बहुधा तशाच आत राहू देतात. म्हणून कबड्डी नको, गर्दीच्या बसमध्ये दांडीपाशी उभं राहणं नको. पुण्यातल्या पोराला याहून जास्त लागणारी एक गोष्ट आहे. गणपतीच्या दोन-तीन महिने आधी नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू होतो आणि शाळा-कॉलेजातली निम्मी मित्रमंडळी संध्याकाळी तिथे असतात. ढोल कमरेला बांधतात. त्याची कड टेकते ती नेमकी या किडनीच्या जागी, आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा तिथेच बसतो. मग मित्र म्हणतात, “तू ध्वज धर.” ध्वज धरणं कमी मानाचं नाही, पण त्याला ढोल वाजवायचा होता. या एका ‘नाही’चं दुःख मोठ्या माणसांना क्षुल्लक वाटतं. मला ते तसं वाटत नाही. पंधराव्या वर्षी माणूस चारचौघांत मिसळूनच स्वतःला ओळखतो, आणि याला दर वेळी चौघांच्या बाजूला उभं केलं जातं. कढईतून आत्ता काढलेला वडा त्याने खाल्ला तर चालतं, पण हिरवी चटणी आणि चिरलेला कांदा बाजूला ठेवायचा. रसवंतीवर सगळे थांबले की त्याने आपली बाटली काढायची, आणि ती कुणाला उष्टी करू द्यायची नाही.

हृदय बदललेल्या मुलाची तऱ्हा आणखी वेगळी. नवं हृदय बसवताना त्याचे मज्जातंतू तुटलेले असतात. तो जेधे चौकात सुटणाऱ्या बसमागे धावला तर पाय लगेच पळतात, हृदय मात्र मागे राहतं. रक्तातून संदेश पोचायला काही मिनिटं जातात, तेव्हा ठोके वाढतात, आणि बसमध्ये बसून दम ओसरल्यावरही ते बराच वेळ पळत राहतात. त्याने आधी अंग गरम करायला हवं, बेतानं सुरुवात करायला हवी. बससाठी बेतानं कोण धावतं?

त्यात चेहरा. त्याच डबीतल्या स्टेरॉइडने गाल फुगतात, भूक सुटते, मुरमं येतात, उंची खुंटते. आजारात रोडावलेलं पोर बाळसं धरायला लागलं म्हणून नातेवाईक खूश होतात, आणि पोर आरशासमोरून बाजूला होतं. नेमकं याच वयात काही मुलं गोळ्या ‘विसरायला’ लागतात. किडनी प्रत्यारोपणात अवयव गमावण्याचा सर्वांत मोठा धोका चिमुरड्यांना नसतो, तो असतो पौगंडावस्थेत आणि विशीच्या सुरुवातीला. हे जगभर दिसून आलेलं आहे. छोट्याला आई भरवते, चाळिशीतला माणूस स्वतः सांभाळतो, मधल्याच्या हातातून ते निसटतं.

निसटतं तेव्हा आपण काय म्हणतो? “आईनं तुझ्यासाठी स्वतःची किडनी दिली, आणि तुला एक गोळी लक्षात राहत नाही?” इथेच आपलं चुकतं, असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त, आणि मुलांच्या बाबतीत बहुधा आईच. तिचं देणं मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते देणं रोज सकाळ-संध्याकाळ वसुलीला लावलं, तर गोळी हा हप्ता होतो. सोळा वर्षांच्या मुलाने आईशी भांडायचं असतं, दार आपटून बाहेर जायचं असतं, त्याशिवाय तो मोठा होत नाही. ज्याच्या पोटात आईची किडनी आहे त्याने दार आपटायचं कसं? मोठ्याने भांडता येत नाही म्हणून तो गुपचूप गोळी चुकवतो. त्याच्या हातात असलेलं बंड तेवढंच, आणि किंमत भयानक. मृत दात्याचा अवयव मिळालेल्या मुलांवर तर न पाहिलेल्या माणसाचं ऋण असतं. त्यांना व्यासपीठावर उभं करून हार घालतात आणि दोन शब्द बोलायला लावतात. ती बोलतातही छान. पण आपल्याला कंटाळा येतो, राग येतो, माझ्याच वाट्याला हे का असं वाटतं, हे त्या माईकवर म्हणता येत नाही. मला वाटतं, आभार एकदा मनापासून मानून झाले की मुलाला त्यातून मोकळं करावं. अवयव त्याचा झाला. तो सांभाळायचा तो त्याचा आहे म्हणून.

व्यवस्थेला तर हे मूल कुठे ठेवावं हेच कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. प्रत्यारोपण झालेलं मूल त्या यादीत नाही. दिसायला धडधाकट, म्हणून परीक्षेत हात थरथरला तरी जास्त वेळ मागताना त्याला आपला आजार पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे, ही चांगलीच गोष्ट, पण गोळ्यांचा आणि तपासण्यांचा खर्च मागे लागतो तो कायमचा. साताऱ्याहून आलेल्या आईला तर दर खेपेची मजुरीही त्यात धरावी लागते.

आणखी एक गोष्ट घरात सहसा बोलली जात नाही. जिवंत दात्याची किडनीही साधारण पंधरा-वीस वर्षं चालते, कधी जास्त, कधी कमी. चौदाव्या वर्षी बसली तर तिशी-पस्तिशीच्या आसपास पुन्हा डायलिसिस किंवा दुसरं प्रत्यारोपण समोर येऊ शकतं. मोठ्यांना हे माहीत असतं, मुलापासून ते लपवलं जातं, आणि तो मोबाईलवर एका रात्रीत शोधून काढतो. मग एकटाच धरून बसतो. त्यापेक्षा त्याला ते डॉक्टरांच्या तोंडून, आईवडिलांसमोर कळलेलं बरं. बारा-तेरा वर्षांचा झाल्यापासून दर फॉलोअपला दहा मिनिटं त्याने एकट्याने आत जावं. आपलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, किती, लेव्हल किती, कुठली गोळी कशाची, हे त्याने सांगावं, आईने बाहेर बाकावर बसावं. अठरा पूर्ण झाले की मुलांच्या डॉक्टरांकडून त्याची फाईल मोठ्यांच्या ओपीडीत जाते. तिथे कुणी गालावरून हात फिरवत नाही. तोवर त्याला बोलता यायला हवं. बारावीनंतर कॉलेज पुण्यात घ्यायचं की गावाकडे, होस्टेलच्या मेसचं जेवायचं की खोली घेऊन स्वतः रांधायचं, लेव्हल कुठे तपासायची, रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा, हे ठरवायला घरातली मोठी माणसं बसतील तेव्हा खुर्ची त्यालाही हवी, आणि पहिलं मत त्याचं विचारलं जायला हवं.