पायपेटी, सेवा आणि फलाची इच्छा

संगीत नाटकात ऑर्गन किंवा पायपेटी म्हणून ओळखले जाणारे वाद्य, म्हणजे पायांनी भाते चालवून पितळी पत्त्यांतून हवा खेळवणारी आणि १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात पदांच्या साथीला रुजलेली पेटी, आज वाजती ठेवायची तर फाटलेला भाता नव्याने मढवावा लागतो आणि धुळीने मुकी झालेली एकेक पत्ती काढून, पुसून, स्वरात आणून पुन्हा बसवावी लागते. हे श्रम कोणी मोबदल्याविना करत असेल, तर त्यांना धर्माचरण म्हणावे काय?

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे, जिथे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला, दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होते. भाविक गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून आणतात, वास्तू धुतात, शस्त्रे उजळतात, आणि शीख परंपरा अशा निरपेक्ष अंगमेहनतीला सेवा म्हणते. पायपेटीला गुरूंचा स्पर्श नाही, हा भेद खराच; परंतु सेवेचे मोल केवळ वस्तूच्या पावित्र्यावर ठरत असते, तर लंगरातली, म्हणजे गुरुद्वारातल्या सामूहिक जेवणाची, भांडी घासणे ही सेवा ठरली नसती.

अधिक अवघड शंका गीतेच्या निष्काम कर्माची, म्हणजे फलाची आसक्ती सोडून केलेल्या कर्माची आहे, कारण पत्ती घासणाऱ्याला फळ हवेच असते: ती अचूक सुरात बोलावी. तथापि, सोडायची आसक्ती ही त्या फळावरच्या स्वतःच्या हक्काची आहे, कामाच्या नेटकेपणाची नव्हे. पत्ती बेसूर राहिली तरी ज्याला काही वाटत नाही, तो निष्काम नसून केवळ बेफिकीर असतो.