न दिसणे आणि नसणे

अनुपलब्धी म्हणजे एखादी वस्तू न आढळणे. वस्तू आढळली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते का, आणि म्हणायचे तर कोणत्या अटीवर, हा भारतीय दर्शनांमधला जुना आणि अजूनही न संपलेला वाद आहे. जमिनीवर घट नाही, या साध्या उदाहरणापासून तो सुरू होतो आणि ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही का, या प्रश्नापर्यंत जाऊन भिडतो. विजेच्या गाडीचा घरगुती चार्जर वाय-फायवरून वारंवार सुटतो तेव्हा हाच वाद पार्किंगमध्ये उभा राहतो. मोबाइलमधल्या अॅपवर ‘ऑफलाइन’ दिसते. तेवढ्यावरून चार्जर बंद आहे आणि गाडी चार्ज होत नाही, असे ठरवणे बरोबर आहे का?

ठाण्यातले बाळकुम या प्रश्नाला फार सोयीची जागा आहे. कापूरबावडीकडून काशेळीच्या पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे हे खाडीकाठचे जुने गावठाण आता उंच इमारतींनी वेढले आहे. अशा इमारतीत घर वरच्या मजल्यावर आणि गाडी पोडियमवर किंवा तळघरात असते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरी असलेल्या वीजजोडणीवरूनच गाडी चार्ज करण्यास मोकळीक दिली. त्यामुळे मीटर रूममधून केबल ओढून आपल्या पार्किंगच्या भिंतीवर चार्जर बसवून घेण्याची पद्धत रुळली. वीज तारेने खाली येते. वाय-फाय मात्र हॉलमधल्या राउटरपासून लोखंडी सळ्या भरलेल्या स्लॅबमधून जमेल तसे उतरते. चार्जर सुटण्याच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा या अंतरात असते.

चार्जर एकाच वेळी दोन संवाद करतो. पहिला गाडीशी, केबलमधून. गाडीला जाड तारांतून वीज जाते आणि सोबतच्या एका बारीक तारेवर चार्जर सेकंदाला १,००० स्पंदांचा संकेत सोडतो. त्या स्पंदाच्या रुंदीवरून गाडीला किती अँपिअरपर्यंत वीज घ्यायची ते कळते. गाडी जोडलेली नसताना या तारेवरचा दाब १२ व्होल्ट असतो, जोडल्यावर ९ आणि गाडी वीज घ्यायला तयार झाली की ६. एवढ्या बोलण्यावर ३२ अँपिअरचा, म्हणजे सुमारे ७ किलोवॉटचा चार्जर रात्रभर काम करू शकतो. दुसरा संवाद कंपनीच्या सर्व्हरशी, वाय-फाय आणि इंटरनेटवरून. चार्जर ठरावीक अंतराने ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवतो, आणि काही वेळ तो निरोप आला नाही की सर्व्हर त्याला ऑफलाइन ठरवतो. म्हणजे अॅपवरचा तो शब्द सर्व्हरला काही ऐकू आले नाही एवढेच सांगतो. चार्जिंग थांबल्याची साक्ष तो देत नाही. चार्जिंगची वेळ किंवा परवानगी सर्व्हरकडून येईल अशी मांडणी असेल, तरच नेट नसताना चार्जिंग सुरू होण्यात अडचण येते. सुरू झालेले चार्जिंग सहसा चालूच राहते.

न आढळण्यातून नसणे कसे कळते, याची तीन प्रमुख उत्तरे दर्शनांनी दिली. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांच्या मीमांसेने अनुपलब्धीला स्वतंत्र, सहावे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. न्यायदर्शनाने वेगळे प्रमाण नाकारले: अभाव हा पदार्थ खरा आहे, पण तो इंद्रियांनीच कळतो आणि न आढळणे त्याला साहाय्य करते. बौद्ध तार्किक धर्मकीर्तींच्या मते घटाचा अभाव कळणे म्हणजे रिकामी जमीन दिसणे आणि त्यावरून व्यवहारापुरते अनुमान करणे. एका अटीवर मात्र तिघांचा कौल मिळताजुळता आहे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तिला योग्यता म्हणतात. उजेड आहे, डोळे उघडे आहेत, मध्ये आडोसा नाही, आणि तरी घट दिसत नाही, तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. धर्मकीर्तींनी याला आणखी धार लावली: जे देशाने, काळाने किंवा स्वभावाने दूर आहे, त्याच्या न दिसण्यातून फक्त संशय उत्पन्न होतो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला तळघरातला चार्जर देशाने दूर आहे. अॅप त्याला संशय देते, निर्णय देत नाही.

संशय फेडण्याची पहिली पायरीही न्यायाने सांगून ठेवली आहे. अभाव नुसता नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. ही दोन्ही सांगितल्याशिवाय ‘कनेक्शन नाही’ हे वाक्य अपुरे राहते. चार्जरच्या बाबतीत तीन दुवे असतात: चार्जर ते राउटर, राउटर ते इंटरनेट, आणि सर्व्हर ते मोबाइल. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तीत चार्जर असेल तर पहिला दुवा शाबूत आहे. घरातली इतर उपकरणे नेटवर असतील तर दुसराही शाबूत. मग दोष सर्व्हरचा किंवा अॅपचा, आणि त्यासाठी पार्किंगमध्ये उतरण्याचे कारण नाही. यादीत चार्जर नसेल तर मोबाइल घेऊन चार्जरपाशी जावे, मोबाइल डेटा बंद करावा आणि घरच्या वाय-फायवर नेट चालते का ते पाहावे. डेटा चालूच ठेवला तर फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातो आणि वाय-फाय ठणठणीत असल्याचा भास होतो. डेटा बंद करणे ही इथली योग्यतेची अट आहे. ती पाळली तरच त्या तपासणीला प्रमाणाचे मोल येते.

दुसरी पायरी अभावाचा प्रकार ओळखण्याची. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त अभाव चार प्रकारचा सांगितला आहे. भीमाचार्य झळकीकरांनी मुंबईत १८७४ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘न्यायकोशा’मुळे ही परिभाषा अभ्यासकांच्या हाताशी आली. हे चारही प्रकार चार्जरच्या दोषांना नेमके लागू पडतात, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा अभाव. चार्जर बसवल्यापासून एकदाही जोडला गेला नाही, तर दोष जोडणीच्या अटींमध्ये शोधावा. पुष्कळ चार्जरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, तर राउटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देतो. २.४ ला वेगळे नाव द्यावे आणि सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए ३ असेल तर डब्ल्यूपीए २ चालू करावी.

प्रध्वंसाभाव म्हणजे असलेल्या वस्तूचा नाश झाल्यानंतरचा अभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. महिनोनमहिने चाललेला चार्जर राउटर किंवा पासवर्ड बदलल्याच्या दिवसापासून कायमचा सुटला, तर तो जुना संबंध परत येणार नाही. वाट पाहण्यात अर्थ नसतो; चार्जर नव्याने जोडून घ्यावा लागतो.

अत्यंताभाव म्हणजे त्या जागी त्या वस्तूचा कायमचा अभाव. दुसऱ्या तळघरात घरचे वाय-फाय पोहोचतच नसेल, तर सेटिंग कितीही बदलले तरी व्यर्थ. तिथे सोसायटीच्या परवानगीने लॅन केबल खाली आणून अॅक्सेस पॉइंट बसवावा, किंवा सिमवर चालणारा चार्जर घ्यावा.

अन्योन्याभाव म्हणजे ही वस्तू ती नव्हे, एवढा भेद. एका रांगेत एकाच बनावटीचे चार्जर असलेल्या सोसायटीत अॅपमध्ये भलताच चार्जर नोंदला गेलेला असतो, किंवा चार्जर शेजाऱ्याच्या सारख्याच नावाच्या नेटवर्ककडे ओढ घेत असतो. अनुक्रमांक ताडून पाहिला की उलगडा होतो.

वारंवार सुटणारा आणि पुन्हा जोडला जाणारा चार्जर या चौकटीत सहज बसत नाही, आणि नेमक्या याच अडचणीवर नैयायिकांचा वाद झाला. जमिनीवरचा घट उचलून नेला आणि पुन्हा आणून ठेवला, तर मधल्या काळातला अभाव कोणता? तो अत्यंताभावच, असे बहुतेकांचे म्हणणे. तो नित्यच आहे, घट असतो तेवढा वेळ मात्र त्याची प्रतीती होत नाही. काहींनी उत्पन्न होणारा आणि नाश पावणारा एक वेगळाच अभाव मानला. त्याला सामयिकाभाव म्हणतात. विश्वनाथ पंचाननांच्या ‘सिद्धांतमुक्तावली’त या मताची नोंद आहे. चार्जर तपासणाऱ्याला दोन्ही मते उपयोगी पडतात. पहिले मत सांगते की सिग्नल मुळातच काठावर असू शकतो: उणे ६५ डीबीएमच्या आसपास जोडणी पक्की राहते, उणे ८० च्या खाली ती कधी लागते, कधी सुटते. तिथे सुटणे ही कायमची स्थिती आणि जोडले जाणे हाच अपवाद असतो. दुसरे मत सांगते की सिग्नल पुरेसा असूनही काळाशी बांधलेले एखादे कारण येते आणि जाते. म्हणून सुटण्याच्या वेळा लिहून ठेवाव्यात. रोज संध्याकाळी सुटत असेल तर शेजारच्या राउटरांची गर्दी संभवते. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो कायम करावा. ठरावीक तासांनी सुटत असेल तर राउटरने दिलेल्या आयपी पत्त्याची मुदत पाहावी आणि चार्जरसाठी पत्ता राखून ठेवावा.

वेळा जुळल्या म्हणून कारण सापडले असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडू शकते. कारणासाठी न्यायाची कसोटी अन्वय आणि व्यतिरेक अशी दुहेरी आहे: ते असताना कार्य घडले पाहिजे आणि ते नसताना घडता कामा नये. पार्किंगमधला एक प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. दिवसा चार्जर ऑनलाइन असतो; रात्री गाडी लावून चार्जिंग सुरू केले की सुटतो. चार्जिंगच्या विजेमुळे वाय-फाय बिघडते, हे अनुमान चटकन सुचते. पण चार्जिंगबरोबर आणखी एक गोष्ट दरवेळी येते: गाडी. तिचा पत्र्याचा सांगाडा राउटर आणि चार्जर यांच्यामध्ये उभा राहतो, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या सुमारे १२.५ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना पत्रा परतवून लावतो. न्यायात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नीवरून धूर अनुमानायला गेले की मध्ये ओल्या लाकडाची अट आडवी येते, तशी ही. तपास सोपा आहे. गाडी त्याच जागी लावावी पण केबल जोडू नये. तरीही चार्जर सुटला तर दोष पत्र्याचा. अॅक्सेस पॉइंटची किंवा चार्जरची जागा बदलावी. केबल जोडल्यावरच सुटला तर पुरवठ्याचा दाब पडतो का ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. राउटर, पासवर्ड आणि जागा एका दमात बदलली आणि चार्जर जोडला गेला, तर काम होते पण ज्ञान होत नाही, आणि दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हीच शिस्त ईश्वराच्या प्रश्नाला लावण्याचे काम दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, केले. जे दिसत नाही ते नाही, हा केवळ प्रत्यक्षालाच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाचा पक्ष. उदयनांचे उत्तर असे: हे खरे मानले तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने परत येऊच नये, कारण बायकामुले दिसत नाहीत म्हणजे ती नाहीत, त्याने वाटेतच छाती बडवून रडत बसावे. ईश्वर डोळ्यांना दिसण्याजोगा मानलेलाच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याला योग्यतेचा आधार नाही आणि त्यावरून निषेध सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. निषेध सिद्ध झाला नाही म्हणजे अस्तित्व सिद्ध झाले, असे त्यातून निघत नाही. उदयनांनाही हे ठाऊक होते. म्हणूनच ईश्वरसिद्धीसाठी त्यांनी पाचव्या स्तबकात स्वतंत्र अनुमाने मांडली. ती ज्यांना पटतात ते आस्तिक राहतात, ज्यांना पटत नाहीत ते राहत नाहीत. दोघांनाही एका गोष्टीची मुभा नाही: नुसत्या न दिसण्याला पुरावा म्हणण्याची.

चार्जर आणि ईश्वर यांत एक मोठा फरक आहे आणि तो नजरेआड करू नये. चार्जरच्या बाबतीत योग्यतेची उणीव दूर करता येते: जिना उतरून खाली गेले की अंतर संपते, चार्जरवरचा दिवा दिसतो, गाडीच्या पडद्यावर टक्के वाढताना दिसतात, मीटरचे आकडे पुढे सरकतात. स्वभावानेच दूर असलेल्या वस्तूपर्यंत असा जिना नाही. तिथे माणसाला युक्तिवाद, परंपरा आणि स्वतःचा अनुभव यांवर विसंबावे लागते. जिथे जिना आहे तिथे मात्र तो न उतरता निकाल देणे हा ज्ञानातला आळस ठरतो. अॅपवर ‘ऑफलाइन’ दिसले की आधी गाडी आणि मीटर पाहावे, कोणता दुवा कुठे तुटला ते ठरवावे, आणि मगच चार्जरला दोष द्यावा.