ज्यानं भोगलं त्यालाच दिसतं का?

ज्यानं भोगलं तोच खरं लिहितो, हे आपण इतक्या वेळा बोललोय की आता ते तपासायची गरज कुणाला वाटत नाही. पांढरपेशांच्या तोंडावर फेकायला ते वाक्य बरं आहे. पण दोस्तहो, आपल्याआपल्यात बसल्यावर ते नाणं एकदा दगडावर वाजवून बघितलं पाहिजे. त्यासाठी मी मुद्दाम लांबचा माणूस घेतो. जेम्स क्लॅव्हेल.

इंग्रजांच्या तोफखान्यातला कोवळा अधिकारी. 1942 साली जावा बेटावर जपान्यांच्या हाती लागला, आणि सिंगापूरच्या चांगी तुरुंगात उपाशी सडला. सुटल्यावर कैक वर्षं त्यानं याबद्दल तोंड उघडलं नाही. मग 1962 साली 'किंग रॅट' ही कादंबरी लिहिली. तिच्यात एक साधा अमेरिकन कॉर्पोरल धंद्याच्या जोरावर छावणीचा राजा होतो. उंदरं पाळतो आणि त्यांचं मटण दुसऱ्याच जनावराचं म्हणून साहेबलोकांना विकतो. साहेब चवीनं खातात. युद्ध संपतं त्या दिवशी राजा पुन्हा साधा कॉर्पोरल. भूक हुद्द्याची कशी उलथापालथ करते, हे भोगलेलाच लिहू जाणे. रात्रपाळीला आमच्या खात्यात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही.

तोच माणूस 1975 साली 'शोगुन' लिहितो. 1600 सालचा जपान, आणि तिथं येऊन पडलेला इंग्रज दर्यावर्दी. ज्यांनी उपाशी मारलं त्यांच्याच देशावर हा माणूस प्रेमानं लिहितो. सूड धरीत नाही. ही गोष्ट लहान नाही, तिला मी सलाम करतो. 1980 साली तिची टीव्ही मालिका झाली, 2024 साली पुन्हा झाली. जगानं डोक्यावर घेतलं.

पण माफी कुणाला पोचली? तलवारवाल्याला. सामुराईच्या ओसरीवर बसून त्यानं जपान बघितला. कादंबरीत एक म्हातारा माळी आहे. साहेबानं टांगलेला पक्षी कुजला, त्यानं तो काढला, म्हणून त्याचा जीव जातो. साहेब कळवळतो, कथा पुढं जाते. आणि तिथं 'एता' आहेत. मेलेली ढोरं ओढणारे, कातडं कमावणारे. हे नावच मुळी घाणीवरून पडलेलं. ओळखलंत ना कोण ते? कादंबरीत ते ओंगळ वस्ती म्हणून येतात. त्यातला एकही माणूस कथेचा धनी होत नाही.

कुणी म्हणेल, 1600 सालची गोष्ट, त्यात त्यानं काय करावं? साल 1600 असेल, लिहिणारा 1975 चा होता. जपान सरकारनं 1871 सालीच फर्मान काढून हा भेद कागदावर मोडला होता. कागदावरच. म्हणून 1922 साली क्योतोत याच लोकांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभी केली, काट्यांच्या मुकुटाचा झेंडा घेतला. आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी! हे सगळं होऊन गेलेलं होतं. ओसरीवरून उतरून वस्तीत जायला त्याला कुणी अडवलं नव्हतं.

मग चांगीत भोगलेलं कुठं गेलं? मला वाटतं, भोगणं माणसाला फक्त स्वतःची जखम दाखवतं. दुसऱ्याची बघायला मान वळवावी लागते, आणि ती आपोआप वळत नाही. शिवाय कैद्याला सुटकेचा दिवस असतो. 1945 साली चांगीचं दार उघडलं. एताच्या वस्तीला दारच नव्हतं.

आपल्याकडंही एका शिपायानं लेखणी धरली. गोपाळबाबा वलंगकर. पलटणीतून पेन्शन घेऊन आले. लढायांच्या रंगदार गोष्टी सांगून गावात मान मिळवता आला असता. त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' काढलं आणि विटाळ आला कुठून ते धर्माच्या ठेकेदारांना विचारलं. पेन्शनवाला माणूस, चार घास सुखाचे खाणारा. तरी तो बिनपेन्शनीच्या बाजूनं उभा राहिला. फरक भोगण्यात नाही, उभं कुठं राहायचं यात आहे.

आता आरसा आपल्याकडं. आपल्या कवितेत आई येते ती राबणारी, मार खाणारी. ती बोलते किती? तिला मारणारा हात कुणाचा, हे आपण लिहितो का? शेजारच्या मांगवाड्याचं, गटारात उतरणाऱ्या मेहतराचं दुःख आपल्या पानावर का येत नाय? 'मी भोगलंय' हा दाखला दाखवून आपणही आपापली ओसरी बांधतोय का?

भोगलेलं ही आपली शिदोरी आहे, सनद नव्हे. लिहायला बसताना एवढंच विचारा: या गोष्टीत माळी कोण, आणि तो बोलला का?