राजा कुणाचा ते राहू दे, सभेत कोण होतं ते सांग

आपल्या पोरांत हल्ली एक प्रश्न फार चालतो. आपण राजे होतो का? कुणी म्हणतं आपण नागवंशी, कुणी म्हणतं सातवाहन आपलेच, कुणी अशोकाला थेट घरातला आजा करून टाकतं. अभ्यासवर्गात यावर तासन्‌तास भांडणं होतात. त्यामागचं दुखणं मला कळतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसांत मोजलंच नाही, त्यांना मागं वळल्यावर एखादं सिंहासन दिसलं तर छाती फुगणारच.

पण मित्रांनो, मी सांगलीजवळच्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात तुटलेले धागे जोडतो. तिथं एक गोष्ट पक्की कळली. वरचा साहेब मायाळू असो की खडूस, पगार किती, पाळी कुठली, साचा किती पळवायचा हे ज्या खोलीत ठरतं त्या खोलीत मी नसतो. म्हणून जुन्या राज्यांबद्दल वाचताना माझा प्रश्न दुसराच असतो. जिथं निर्णय व्हायचा तिथं कोण बसलं होतं? आणि दाराबाहेर कोण उभं होतं?

आपल्याच मुलखापासून बघू. कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या वर आगाशिवाचा डोंगर आहे. त्यात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका लेखात गोपालाचा मुलगा संघमित्र यानं लेणं दान दिल्याचं कोरलंय. राजा नाही, राणी नाही, एक साधं नाव. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट मध्य प्रदेशात भरहुतला सापडली. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा तिथला स्तूप. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यात करहाकट निगमाचं दान आहे. करहाकट म्हणजे आपलं कऱ्हाड. निगम म्हणजे व्यापारी-कारागिरांचं गाव आणि त्या गावाची संस्था. इतक्या लांब दान पाठवायचं हे एका माणसानं ठरवलं नाही, गावानं मिळून ठरवलं. कृष्णा-कोयनेच्या काठावर माणसं एकत्र बसून ठराव करत होती याचा हा दगडी पुरावा.

आता नाशिकला चला. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गिरणीकामगारानं तर तो वाचलाच पाहिजे. त्यानं तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुणाकडं? विणकरांच्या श्रेणींकडं. दोन हजार एका श्रेणीकडं, महिन्याला शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीकडं, शेकडा पाऊण व्याजानं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. हिशोब पैशाला पैसा जुळतो. आणि हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, दप्तरी नोंदवला, असंही लेखात आहे. म्हणजे राजाच्या जावयालासुद्धा आपला व्यवहार सभेपुढं मांडावा लागला, आणि पैसा सुरक्षित राहील म्हणून त्यानं तो विणणाऱ्या हातांकडं ठेवला. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी अशाच भेटतात. राजे आले, गेले, पण श्रेणी टिकणार हा त्या काळाचा हिशोब होता.

मग बिघडलं कुठं?

नाशिकलाच तिसऱ्या लेण्यात आणखी एक लेख आहे. गौतमी बलश्रीनं आपल्या मेलेल्या लेकाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवलीय. तो नगरजनांच्या सुखदुःखात सारखाच सहभागी होता. त्यानं धर्माला धरूनच कर घेतले. हे लेणं आणि त्याच्या खर्चाला गाव बौद्ध भिक्खूंना दिलं. वाचताना ऊर भरून येतो. आणि त्याच दगडावर, त्याच दमात, लिहिलंय की या राजानं चार वर्णांचा संकर थांबवला.

इथं थांबा, गड्यांनो. घाई करू नका. भिक्खूंना लेणं देणारं घराणंच वर्णाची भिंत राखल्याचा अभिमान मिरवतं. उषवदाताचंही तेच. भिक्खूंना चिवराचे पैसे, आणि ब्राह्मणांना तीन लाख गाई, सोळा गावं. राजाला सगळेच हवे असतात. तो एका हातानं दान देतो आणि दुसऱ्या हातानं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागेवर दाबून बसवतो. म्हणून राजा दयाळू होता का हा प्रश्नच अपुरा आहे. दया वरून खाली येते आणि देणाऱ्याच्या मर्जीनं थांबते. हक्क मात्र सभेत बसल्याशिवाय मिळत नाही.

अशोकाचं काय, असं कुणी विचारील. अशोक मोठाच. कलिंगात लाख माणसं मारली, दीड लाख देशोधडीला लावली, हे स्वतःच दगडावर कोरून पश्चात्ताप सांगणारा दुसरा राजा दाखवा. पण त्याच तेराव्या लेखात तो रानात राहणाऱ्यांना दमही देतो. दोन्ही वाचायला शिकू. नुसतं पूजायचं असेल तर देवळं काय कमी होती?

मग राजा नसलेली राज्यं तरी? शाक्य, लिच्छवी, वज्जी ही गणराज्यं. तिथं सभा होती, चर्चा होती. पण सभेत क्षत्रिय कुळं बसायची. त्यांची शेतं कसणारे दास-कर्मकर बाहेरच. बुद्धानं वज्जींचं एकत्र जमणं, एकमतानं उठणं वाखाणलं आणि तीच रीत भिक्खुसंघाला दिली. पण एक फरक करून. शाक्यांचे राजपुत्र दीक्षा घ्यायला निघाले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. उपालीला आधी दीक्षा दिली. संघात मान जन्मावर नव्हता, कोण आधी आलं यावर होता. त्यामुळं राजपुत्रांना आपल्या न्हाव्यापुढं वाकावं लागलं. पुढं राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीनं. माझ्या मते प्राचीन भारतातली सगळ्यात मोठी राजकीय घटना हीच.

आणि तरीही खरं ते सगळं बोलू. याच विनयात असंही आहे की दासाला, कर्जदाराला, राजाच्या शिपायाला दीक्षा देऊ नये. बाहेरच्या राजसत्तेनं, सावकारीनं संघाच्या दारापर्यंत हात घातला होता. एवढं क्रांतिकारक दारसुद्धा पुरतं उघडं नव्हतं.

पुढं काय झालं ते आपल्या अंगावर लिहिलंय. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीला दारं लावून घेतलेला वर्ग म्हटलं. ज्या हातांवर विश्वासानं ठेव ठेवली जायची ते हातच हलके ठरले. १९०१ साली साताऱ्याच्या शाळेतलं एक पोर भावंडांबरोबर वडिलांना भेटायला मसूरच्या स्टेशनावर उतरलं. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तरला जात कळली तसा त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडं देऊनही गाडी पोरांनीच हाकायची ठरली, आणि रात्रभर पाणी मिळालं नाही. मसूर कऱ्हाड तालुक्यातच आहे. करहाकट निगमाचा तोच मुलूख. सभा होती तिथं घोटभर पाणी नव्हतं. आपले पूर्वज राजे होते असं त्या पोराला सांगून त्याची तहान भागली असती का?

त्या पोरानं पुढं २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत या देशाला आठवण करून दिली, की इथं गणराज्यं होती, भिक्खुसंघाला ठराव, मतदान, गणपूर्तीचे नियम ठाऊक होते, आणि ते सारं आपण गमावलं. पुन्हा गमावू का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी राजवंश शोधला नाही, सभा शोधली. आपण भिंतीवर ‘शासनकर्ती जमात व्हा’ लिहितो. त्याचा अर्थ नवा राजा शोधा असा लावला तर माझ्या आजीचं बोलणंच खरं ठरेल. ती म्हणायची, ‘राजा कुनाचा का असंना, पाटी आपल्याच डोईवर हाय.’

माणूस म्हणून हक्क मागायला आज्या-पणज्याचा मुकुट दाखवावा लागत नाही. ज्याच्या घराण्यात कधीच राजा झाला नाही त्याला हक्क कमी का? तसं मानलं तर आपण बामणाचंच गणित सोडवतोय, फक्त उत्तरात आपलं नाव घालून.

म्हणून जुन्या राज्यांना जो प्रश्न विचारायचा तोच आपल्या बैठकीलाही विचारा. सतरंजी कोण अंथरतं? चहा कोण आणतं? ठराव कोण मांडतं? आपल्या आयाबहिणी दाराशी का बसतात? मांगवाड्यातला, ढोरवाड्यातला पोरगा आला तर त्याचं नाव पत्रकावर कितव्या ओळीत येतं? पुढच्या बैठकीत सतरंजी अंथरणाऱ्याला आधी बोलू द्या. बाकीच्यांनी, मी धरून, ऐकायचं. उपालीला आधी आत घेतलं होतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

जय भीम.