पायरी, आसन आणि पिंजरा

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण खटल्याच्या खर्चाविषयी आणि विलंबाविषयी आहे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु तिने न्यायसंस्थेची खूण म्हणून निवडली ती वास्तूतील पायरी. मराठी भाषेत न्यायाधीश आसनावर असतो आणि आरोपी पिंजऱ्यात. साक्ष देण्यास आलेल्या निरपराध माणसाच्या कठड्यालाही ती पिंजराच म्हणते. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व ज्या दालनात उच्चारले जाते त्या दालनाची रचनाच त्याविरुद्ध साक्ष देत असेल, तर तेथील न्याय कितपत निर्मळ मानावा?

कोलकात्यात या प्रश्नाची दोन रूपे दिसतात. वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी उभारलेली उच्च न्यायालयाची इमारत १८७२ साली पूर्ण झाली. तिचा आदर्श होता बेल्जियममधील ईप्र येथील मध्ययुगीन कापडबाजाराची वास्तू. व्यापाऱ्यांसाठी घडलेली भव्यता येथे राजसत्तेचा दरारा होऊन उभी राहिली. पण दरारा माणसाला केवळ लहान करतो. पिंजरा त्याला अपराधी ठरवतो. हे दुसरे रूप याच शहरातील अलिपूरच्या सत्र न्यायालयात प्रकटले.

बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत तेरा वर्षे काढलेले अरविंद घोष यांना मे १९०८ मध्ये अटक झाली. ऑगस्टअखेर माफीचा साक्षीदार नरेंद्रनाथ गोस्वामी याची तुरुंगातच हत्या झाली. पुढे सत्र न्यायालयात आरोपींना तारेच्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात बसवण्यात आले. समोर न्यायाधीश बीचक्रॉफ्ट होते. हे दोघे केंब्रिजमधील समकालीन, एकाच काळी सनदी सेवेच्या परीक्षेस बसलेले. विद्येने समान असलेल्या दोघांत एकास आसन व दुसऱ्यास जाळी मिळाली होती.

सत्तेची भीती निराधार नव्हती. १० फेब्रुवारी १९०९ रोजी सरकारी वकील आशुतोष विश्वास यांना अलिपूरच्याच न्यायालय परिसरात गोळी घालण्यात आली. तेव्हा जाळी ही निव्वळ क्रूरता नव्हती, हे मान्य करावे लागते. तथापि सुरक्षेसाठी घातलेली जाळी पाहणाऱ्याच्या मनात निकाल रुजवते, हेही तितकेच खरे.

६ मे १९०९ रोजी बीचक्रॉफ्ट यांनी बारींद्रकुमार घोष व उल्लासकर दत्त यांना मृत्युदंड दिला. अरविंदांसह अनेकांना मात्र निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने पुढे त्या दोघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. चित्तरंजन दास यांचा युक्तिवाद जाळीतून पार झाला होता. न्यायाधीश वास्तूचे म्हणणे नाकारू शकतो, हे या निकालाने सिद्ध केले. परंतु त्यामुळे वास्तू निर्दोष ठरत नाही. एका विवेकी माणसाला जे ओलांडावे लागले, ते दुसरा कोणी ओलांडीलच याची हमी कोण देणार? शिवाय निर्दोष सुटलेल्याचे पिंजऱ्यातील दिवस कोणताही निकाल परत करीत नाही.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली प्रेमशंकर शुक्ल प्रकरणात, कच्च्या कैद्याला सरसकट बेड्या घालणे प्रथमदर्शनी अमानुष ठरवले. बेडीविषयी विचारलेला प्रश्न कठड्याला, जाळीला आणि आसनाच्या उंचीलाही विचारता येतो. न्यायाला आसन लागेल, आणि क्वचित जाळीही लागेल. पण प्रत्येक वेळी तिची गरज सिद्ध करण्याचा भार आरोपीवर नव्हे, न्यायसंस्थेवर असला पाहिजे.