मेंढ्याची आई कोण?

खाली बस. मी बोलून होईपर्यंत मध्ये तोंड उघडू नकोस.

काल तिन्हीसांजेला तुझ्या वाघरीवर जाऊन आलो. पाणी नुकतंच दिलेल्या खोडव्यात मेंढरं बसवलीस, पायाखाली चिखल. कोपऱ्यात एक मेंढी मागचे पाय फाकून उभी. कोकरू सडाला लागायला आलं की लाथ मारायची. हात लावून पाहिलं तर कासेची डावी बाजू गार पडलेली, निळी-काळी. विचारलं, तर तू म्हणालास, "दगडी झालीय सर, होतंच असतं."

होतंच असतं! दोन वर्षं समोर बसवून ज्याला शिकवलं, त्याच्या तोंडचं हे वाक्य?

डॉक्टर येऊन सुई देतील. जगली तरी ती बाजू गेली. पण मला खरा संताप आला तो त्यानंतर. तूच सांगितलंस की हिच्या आईचीही एक बाजू अशीच बसली होती. आणि तिच्याच पोटचा नर तू पैदाशीला ठेवलास! का, तर शिंगं झकास वळलीत आणि उंची नजरेत भरते. सख्ख्या बहिणी त्याच कळपात आहेत, हा आणखी वेगळा गुन्हा.

मेंढ्याला कास नसते, म्हणून ती बघायची नाही असं तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. मेंढी वाईट निघाली तर तिच्या चार-दोन कोकरांपुरतं नुकसान. मेंढा एका हंगामात तीस-चाळीस मेंढ्यांना लागतो. त्याच्या आईची कास तो तुझ्या सगळ्या कळपात वाटत सुटतो आणि ते तुला कळतं तीन वर्षांनी, त्याच्या लेकी व्यायल्यावर.

"आपण कुठं मेंढीचं दूध विकतो?" असंही म्हणालास. बरोबर, दख्खनीखाली बादली घेऊन कुणी बसत नाही. पण कोकराला पहिला महिनाभर दुसरं काय असतं? मेंढीला सड दोनच. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तसला मेंढा आणायचं तुझ्याही मनात आहे. आण की! त्याच्या लेकींना जुळी होतील, एका सडावर एक जगेल, दुसरं तुझ्या डोळ्यांदेखत वाळेल. त्या वेळी जनुकाला नावं ठेवू नकोस.

फ्रान्समध्ये रोकफोर्ट चीज लाकोन मेंढीच्या दुधाचं होतं. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं दूध वाढवलं, आणि 2005 पासून मेंढा निवडताना दुधातल्या पेशी आणि कासेची ठेवणही मोजायला लागले. कास सुजली की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, हे तुला फळ्यावर काढून दाखवलं होतं. तिथल्या ला फाज फार्मवर कमी पेशींचा आणि जास्त पेशींचा असे दोन वंश मुद्दाम वेगळे वाढवले. कमी पेशींच्या वंशात कासदाह कमी झाला. पुढं त्याच जातीत एक जनुकबदल सापडला. तो असला की अंग मोठं, दूध जास्त, आणि कास सुजायची खोडही जास्त. तो दख्खनीत आहे असं मी म्हणत नाही. पण नुसती उंची बघून मेंढा निवडणाऱ्यानं हे ऐकून दचकायला हवं होतं. तू वर्गात ऐकलंस आणि विसरलास.

सगळं रक्तावर ढकलू नकोस, तेही सांगतो. पेशींच्या कमी-जास्तपणात आनुवंशिकतेचा वाटा शंभरात दहा-वीसचा. बाकी तुझ्या हातात. ओलं रान, मावा होऊन फुटलेले सड, आजारी मेंढीला हात लावून तसाच दुसरीला लावणं. पण कोरडं रान आज निवडलंस तर आजची रात्र सुधारेल. मेंढा नीट निवडलास तर त्याचा वाटा थोडा असला तरी पिढीमागून पिढी साचत जातो.

आणि हे करायला काय लागतं? कोकरं तोडताना प्रत्येक मेंढीची कास दोन्ही हातांनी चाचपायची. गाठ आहे का, एक बाजू लहान आहे का, सड जमिनीला टेकतोय का. शंका आली तर दोन धारा वाटीत काढून कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी घालायचं. दूध शेंबडासारखं घट्ट झालं की समजायचं. एवढं वहीत लिहायचं. तुझा आजा शाळेत गेला नव्हता, तरी कुठली मेंढी कुणाची आणि तिच्या आईची कास कशी होती, हे त्याला तोंडपाठ असायचं. तुला वाचता येतं, खिशात मोबाईल आहे, आणि तुझ्या मेंढ्याची आई मला तुझ्याकडून खोदून काढावी लागली.

तो मेंढा आजच वेगळा बांध. या हंगामात एकाही मेंढीला लागला तर माझ्याकडे येऊ नकोस. ती आजारी मेंढी कोरड्या जागी हलव, कोकराला दुसरी दुभती बघ. आणि रविवारी वही घेऊन ये. एकेका मेंढीच्या नावापुढे तिची आई आणि दोन्ही सड लिहिलेले मला दिसले पाहिजेत.