संशय हा न्याय होय काय?

गावची शांतता राखणे हे केवळ पोलिसांचे काम होय, असे पुष्कळांस वाटते. परंतु आपल्या खानदेशाचा इतिहास निराळा धडा देतो.

1818 साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. डोंगरांतील भिल्लांवर फौजा पाठविल्या, तरी लूटमार थांबेना. तेव्हा 1825 साली जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारिली. तो त्यांच्यांत राही, त्यांच्यासह शिकारीस जाई. यात सरकारचा स्वार्थ होता हे खरे; तरी ज्यांस लोक चोर म्हणत, तेच मुलखाचे रखवालदार झाले.

पुढे 1871 साली त्याच सरकारने कित्येक जमातींस जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो 1952 साली रद्द झाला. कायदा गेला, मनातील संशय गेला काय?

1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून, जमावाने पाच वाटसरूंस ठार मारिले. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीचे होते. अफवेखेरीज त्यांजवर काही पुरावा नव्हता.

कोणी म्हणेल, संशय खरा असता तर? तरीही शिक्षा देण्याचा अधिकार जमावाचा नव्हे. म्हणून वाचकहो, संशय आल्यास पोलीस पाटलास कळवावे, व चौकशी होईतो परक्याच्या अंगास हात लागू देऊ नये. पोलिसांनीही दुबळ्याची फिर्याद आदराने ऐकावी. नाहीतर लोक त्यांच्या दारी येणार कसे? काठीने भय उत्पन्न होते. शांतता परस्पर विश्वासानेच टिकते.